दाभोळ ते कॅलिफोर्निया : एन्रॉनच्या निमित्ताने नियंत्रणमुक्तीची चर्चा

जयगडचा दिवा

केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालाने नियंत्रणमुक्तीचा जोरदार पुरस्कार केला, तेव्हापासून या विषयावर बरेच लिहिले आणि बोलले जात आहे. बहुतेकांची मांडणी अशी असते की एका बाजूला परवाना राज आहे, दुसऱ्या बाजूला मुक्त बाजार आहे आणि आपण दोहोंपैकी एकाची निवड करायची आहे. महाराष्ट्राचा या बाबतीतला सर्वांत महागडा अनुभव मात्र यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाही. तो म्हणजे गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्प, ज्याला सगळा महाराष्ट्र नुसते ‘एन्रॉन’ म्हणत असे. आजच्या तरुण वाचकांना हे नाव ऐकून माहीत असले तरी तपशील माहीत असेलच असे नाही, म्हणून थोडा इतिहास मांडतो.

१९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी आटली होती आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करून वीजनिर्मितीचे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले करण्यात आले. पाठोपाठ, ६८.५ टक्के क्षमतावापर झाला की भागभांडवलावर १६ टक्के परतावा मिळेल अशी तरतूद झाली. जून १९९२ मध्ये ह्यूस्टनच्या एन्रॉन कंपनीची माणसे मुंबईत आली आणि काही दिवसांतच, २० जून रोजी, राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झाला. त्यासाठी निविदा निघाली नाही. प्रकल्पातील ८० टक्के वाटा एन्रॉनचा आणि प्रत्येकी १० टक्के जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचा होता. टर्बाइन जनरल इलेक्ट्रिकचीच आणि बांधकाम बेक्टेलचेच. म्हणजे प्रकल्पाचा खर्च वाढला तर ज्यांनी कुरकुर करायची, त्यांच्याच दुसऱ्या खिशात त्या खर्चातला मोठा भाग जाणार होता.

एप्रिल १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज देण्यास नकार दिला. खासगीकरणाला विरोध म्हणून हा नकार आला नव्हता, उलट बँक त्या काळात खासगीकरणाचा आग्रहच धरत होती. तिचे म्हणणे एवढेच होते की राज्याच्या गरजेच्या मानाने हा प्रकल्प फार मोठा आहे, त्याची वीज महाग आहे आणि ती घेण्यासाठी मंडळाला स्वतःचे स्वस्त कोळसा संच मागे ठेवावे लागतील. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदी करार झाला. मंडळाच्या देण्याला राज्य सरकारने हमी दिली आणि त्या हमीला केंद्र सरकारने प्रतिहमी दिली.

१९९५ च्या निवडणुकीत ‘एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू’ ही भाषा झाली. सत्तांतर झाले, गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अहवाल दिला आणि ऑगस्टमध्ये मनोहर जोशी सरकारने प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले. कंपनी लंडनमध्ये लवादाकडे गेली. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने तर त्याआधीच, जूनमध्ये, करार मोडल्यास भारतातील इतर खासगी वीज प्रकल्पही अडचणीत येतील असा इशारा दिला होता. नोव्हेंबरमध्ये पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि काही महिन्यांत तोच प्रकल्प २,१८४ मेगावॉटचा होऊन परत आला. पूर्वी २,०१५ मेगावॉटचा होता. बुडवायला निघालेला प्रकल्प आकाराने वाढून वर आला, हे आपल्या राजकीय इतिहासातले एक आश्चर्यच म्हणायला हवे. मे १९९६ मध्ये केंद्रातील तेरा दिवसांच्या सरकारने जाता जाता सुधारित प्रकल्पाच्या प्रतिहमीला मंजुरी दिली.

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. २००० च्या उत्तरार्धात या विजेचा दर काही महिने युनिटमागे सात रुपयांच्याही वर गेला, मंडळाने पैसे थकवले, कंपनीने २००१ च्या प्रारंभी हमी आणि प्रतिहमी वटवण्याची मागणी केली आणि मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. २ डिसेंबर २००१ रोजी एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला.

या साऱ्या काळात नियम कमी होते असे कोणी म्हणू शकणार नाही. १९४८ चा वीज पुरवठा कायदा होता, केंद्रीय विद्युत प्राधिकरण होते, परकीय गुंतवणुकीसाठी स्वतंत्र मंडळ होते, अर्थखाते होते. उणीव होती ती हा करार उघडपणे तपासून ‘नाही’ म्हणू शकेल अशा स्वतंत्र नियामकाची. करार कित्येक वर्षे जनतेला पाहायलाही मिळाला नव्हता. एन्रॉनच्या एका उपाध्यक्षांनी १९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर सांगितले होते की भारतातील शिक्षण आणि प्रकल्प-विकास यांवर कंपनीने दोन कोटी डॉलर खर्च केले. कोणाला काय शिकवले, याचा तपशील काही त्यांनी दिला नाही. तेव्हाचे अमेरिकी राजदूत फ्रँक विस्नर १९९७ मध्ये पदावरून उतरल्यावर एन्रॉनच्याच तेल व वायू उपकंपनीच्या संचालक मंडळावर गेले.

माझे म्हणणे असे की नियम जास्त असावेत की कमी, हा वाद दुय्यम आहे. नियमांचा आणि करारांचा मसुदा कोण लिहितो आणि तो लिहिला जाताना बिल भरणारा तिथे असतो का, हे आधी विचारले पाहिजे.

अर्थविचार

लेख माहितीपूर्ण आहे, परंतु मूळ उदाहरणच नियंत्रणमुक्तीविरुद्ध वापरता येण्यासारखे नाही. निविदेविना दिलेला प्रकल्प, सरकारने ठरवलेला परतावा, सरकारी मंडळ हा एकमेव ग्राहक आणि त्यावर सरकारची दुहेरी हमी, यांत बाजार कुठे आहे? ज्या कंपनीला कोणतीही जोखीम घ्यावी लागत नाही ती खासगी असली काय आणि सरकारी असली काय, ती वागणार मक्तेदारासारखीच. दाभोळ ही परवाना राजचीच संतती आहे, फक्त परवानाधारक परदेशी होता.

दुसरे असे की कंपन्यांचा सरकारवर प्रभाव पडतो तो सरकारकडे देण्यासारखे काही असते म्हणून. उद्योग काढण्यासाठी मंत्रालयाचे उंबरठे झिजवावे लागत नसतील, तर उंबरठ्यावर कोणी पैसेही ठेवणार नाही. प्रभाव कमी करायचा असेल, तर मंत्र्याच्या हातातील सहीची किंमत कमी केली पाहिजे. नवे नियामक नेमून आपण नव्या सह्या निर्माण करतो आणि पुढे त्या नियामकांवरही त्याच कंपन्यांचा प्रभाव पडतो. त्यामुळे या अनुभवातून निष्कर्ष निघतो तो अधिक स्पर्धेचा.

जयगडचा दिवा

दाभोळमध्ये बाजार नव्हता, हे मान्यच आहे. मात्र त्या वेळी तो प्रकल्प सुधारणांचा आणि खुलेपणाचा झेंडा म्हणूनच मिरवला गेला आणि विरोध करणाऱ्यांना सुधारणाविरोधी म्हटले गेले, हेही विसरता येत नाही. शिवाय त्याच कंपनीने, त्याच वर्षांत, जिथे बाजार रीतसर उभारला होता तिथे काय केले, हे पाहिल्याशिवाय तुमचा निष्कर्ष स्वीकारणे कठीण आहे. कॅलिफोर्नियात राहणारे सदस्य यावर अधिकाराने लिहू शकतील.

फ्रीमाँटवासी

मी त्या काळात बे एरियात नोकरीला होतो, म्हणून लिहितो. कॅलिफोर्नियाचा वीज पुनर्रचना कायदा १९९६ मध्ये विधिमंडळात एकमताने संमत झाला आणि रिपब्लिकन गव्हर्नर पीट विल्सन यांनी त्यावर सही केली. प्रत्यक्ष बाजार १९९८ मध्ये सुरू झाला. त्याची रचना मोठी विचित्र होती. घाऊक विजेचा दर मोकळा सोडला होता, पण घरगुती ग्राहकाचा दर गोठवलेला होता. वितरण कंपन्यांना आपली बहुतेक वायूवर चालणारी केंद्रे विकायला लावली आणि लागणारी वीज रोजच्या रोज नव्या वीज बाजारातूनच घ्यायला लावली. दीर्घ मुदतीचे करार करण्याची वाट जवळजवळ बंद होती. मुळात उद्योगांच्या दबावगटांनी आणि वितरण कंपन्यांनी आपापल्या सोयीची कलमे या कायद्यात घालून घेतली होती. वितरण कंपन्यांना हवा होता तो जुन्या अणुप्रकल्पांत अडकलेला पैसा वसूल करण्याचा मार्ग, आणि तो त्यांना मिळाला.

सॅन दिएगोमध्ये गोठवलेला दर आधी मोकळा झाला आणि २००० च्या उन्हाळ्यात तिथली बिले दुप्पट-तिप्पट झाली. डिसेंबर २००० मधला घाऊक दर आदल्या डिसेंबरच्या दहापटीहून अधिक होता. जानेवारी २००१ मध्ये, म्हणजे विजेची मागणी तुलनेने कमी असते त्या हिवाळ्यात, आमच्याकडे आळीपाळीने भारनियमन सुरू झाले. जगातील सर्वांत श्रीमंत परिसरांपैकी एकात चौकातले सिग्नल बंद पडले होते आणि आम्ही भारतातून आलेली मंडळी इतरांना भारनियमनात कसे जगायचे ते सांगत होतो. एप्रिलमध्ये पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वितरण कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

वीज खरोखरच कमी होती का? काही प्रमाणात होती. वायव्येकडे पाऊस कमी झाल्याने जलविद्युत घटली होती आणि वायूही महागला होता. पण २००२ मध्ये एन्रॉनच्या वकिलांची टिपणे बाहेर आली आणि त्यांत व्यापाऱ्यांच्या क्लृप्त्यांची नावे सापडली: ‘फॅट बॉय’, ‘डेथ स्टार’, ‘गेट शॉर्टी’. ‘डेथ स्टार’मध्ये वाहिन्यांवरची गर्दी कमी केल्याचा मोबदला घेतला जाई आणि प्रत्यक्षात एक युनिटही इकडचे तिकडे जात नसे. कंपनीच्या पश्चिम विभागाच्या व्यापारप्रमुखाने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

अर्थविचार यांनी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे अशी विनंती आहे. लॉस एंजेलिसचा नगरपालिकेचा वीज विभाग या योजनेत सामील झाला नव्हता आणि तिथे भारनियमन झाले नाही. आणि संघराज्याच्या ऊर्जा नियामक आयोगाने दीर्घ चालढकलीनंतर जून २००१ मध्ये संपूर्ण पश्चिम विभागासाठी दरांवर मर्यादा घातली, त्यानंतर घाऊक दर उतरले आणि तो उन्हाळा पार पडला. किंमत तेव्हाचे गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी मोजली. कायदा त्यांच्या आधीच्या गव्हर्नरचा होता, पण २००३ मध्ये मतदारांनी मुदतीआधीच त्यांना पदावरून हटवले.

सुमेधा क

म्हणजे एकीकडे निविदा नाही आणि हमी आहे, दुसरीकडे लिलाव आहे आणि हमी नाही, तरी बिल भरणारा दोन्हीकडे ग्राहकच. एक प्रश्न आहे. एवढ्या मोठ्या वायदेव्यवहारांवर अमेरिकेत कोणाचेच लक्ष नव्हते का?

फ्रीमाँटवासी

लक्ष ठेवणारी संस्था होती, तिनेच पाठ फिरवली. वायदे बाजार आयोगाच्या अध्यक्षा वेंडी ग्रॅम यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, जानेवारी १९९३ मध्ये, ऊर्जेच्या काही वायदेकरारांना आयोगाच्या देखरेखीतून सूट मिळाली. त्या पदावरून उतरल्या आणि काही आठवड्यांतच एन्रॉनच्या संचालक झाल्या. डिसेंबर २००० मध्ये जो कायदा झाला त्याने ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना आणखी मोकळीक दिली. तिला पुढे ‘एन्रॉन पळवाट’ असेच नाव पडले. त्या कायद्याचा पाठपुरावा करणाऱ्यांत सिनेटर फिल ग्रॅम हे त्यांचे पती होते. यात बेकायदेशीर काहीच नव्हते. कायदा मोडण्याऐवजी तो करवून घेता येत असेल, तर मोडण्याची गरजच उरत नाही.

नस्ती

माझे आयुष्य वीज क्षेत्रात गेले, म्हणून एका तांत्रिक बाबीविषयी लिहितो. तिच्याविना ‘सात रुपये युनिट’ या आकड्याचा अर्थ लागत नाही.

अशा करारात दर दोन भागांत असतो, क्षमता आकार (केंद्र तयार ठेवण्याचे शुल्क) आणि ऊर्जा आकार (घेतलेल्या विजेचे शुल्क). केंद्र वीज द्यायला तयार असले की क्षमता आकार द्यावाच लागतो, तुम्ही वीज घ्या अथवा घेऊ नका. समजा, केंद्र ९० टक्के क्षमतेने चालले तर क्षमता आकार युनिटमागे २ रुपये पडतो. तेच केंद्र तुम्ही ३० टक्केच चालवले, तर तोच बोजा एक तृतीयांश युनिटांवर पडून ६ रुपये होतो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, पण यंत्रणा हीच होती. त्यातच क्षमता आकाराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला, पहिल्या टप्प्याचे इंधन नाफ्था, म्हणजे खनिज तेलापासून मिळणारे, आणि नेमके २००० मध्ये तेल महागलेले. १९९३ मध्ये एकतीस रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २००१ पर्यंत सत्तेचाळिशीजवळ पोहोचला होता. विनिमय दराची, इंधनाची आणि मागणीची, अशा तिन्ही जोखमी मंडळाच्या अंगावर होत्या.

मग वीज पूर्ण का घेतली नाही? कारण ती घेण्यासाठी रात्रीच्या वेळी स्वतःचे कोळशाचे स्वस्त संच खाली आणावे लागले असते. जागतिक बँकेने सात वर्षांपूर्वी नेमके हेच सांगितले होते. पुण्याच्या प्रयास संस्थेतील अभियंत्यांनीही कराराचे आकडे मांडून हेच दाखवले होते. त्यांचे गणित कोणी चुकीचे ठरवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. त्याकडे दुर्लक्ष मात्र झाले.

१९९८ च्या केंद्रीय कायद्यानंतर १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला. त्याच्यासमोरच्या जाहीर सुनावण्यांत सामान्य ग्राहक प्रथमच मंडळाला हिशेब विचारू लागले. त्या छाननीत आणखी एक गोष्ट उघड झाली. मंडळ वर्षानुवर्षे जी वीजगळती दाखवत असे, तिच्यापेक्षा खरी गळती कितीतरी अधिक होती आणि फरक शेतीपंपांच्या वापरात लपवलेला होता. म्हणून अर्थविचार यांना मी एवढेच सांगेन की नियामक केवळ कंपनीलाच अडचणीचा नसतो, सरकारलाही असतो. २००१ मध्ये मंडळ आणि कंपनी यांच्या वादात आपल्याला अधिकार आहे असे आयोगाने म्हटले, तेव्हा कंपनी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिला लंडनचा लवाद हवा होता.

पालशेतकर

चर्चा करारांची चालू आहे, पण अंजनवेल, वेलदूर, रानवी, काताळवाडी या गावांचा उल्लेख झाल्याशिवाय ती अपुरी राहील. जमिनी संपादित झाल्या, मच्छीमारांना खाडीच्या पाण्याची चिंता होती, गोड्या पाण्याचा प्रश्न होता. १९९७ मध्ये आंदोलकांना मारहाण आणि अटका झाल्या, त्यांत स्त्रियाही होत्या. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, प्रकल्पावर तैनात असलेल्या राज्य राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत असल्याचे नमूद केले आहे. कंपनीचा सरकारवर प्रभाव कसा पडतो हे मंत्रालयापर्यंत न जाताही आमच्याकडे दिसत होते. पोलीस राज्याचे आणि त्यांचा खर्च कंपनीचा, तर तक्रार कोणाकडे करायची?

अर्थविचार

पालशेतकर यांच्या प्रतिसादावर वाद घालण्यासारखे काही नाही. नस्ती यांचा नियामकाविषयीचा मुद्दाही मी बऱ्याच अंशी मान्य करतो.

तरीही दुसरी बाजू नोंदवतो. दाभोळ बंद पडल्यावर महाराष्ट्रात निर्मितीक्षमता पुरेशी वाढली नाही आणि २००५ नंतर ग्रामीण भागाने दहा-बारा तासांचे भारनियमन सोसले. एन्रॉनच्या अनुभवाने पोळलेले सरकार कोणताच करार करायला धजावत नव्हते. निर्णय न घेण्याचीही किंमत असते आणि ती कोणत्याही समितीच्या अहवालात येत नाही. पुढे २००३ च्या वीज कायद्याने औष्णिक वीजनिर्मितीला परवान्याची अट काढून टाकली. ही खरीखुरी नियंत्रणमुक्ती होती. स्पर्धात्मक निविदा आल्या, खासगी क्षमता वेगाने वाढली आणि गुजरातमधील मुंद्रा येथील टाटांच्या ४,००० मेगावॉटच्या प्रकल्पाचा सरासरी दर युनिटमागे २ रुपये २६ पैसे ठरला. दाभोळच्या सात रुपयांशी त्याची तुलना करून पाहावी.

जयगडचा दिवा

मुंद्र्याचे उदाहरण तुम्ही दिले, हे बरे झाले, कारण त्याची कथा २ रुपये २६ पैशांवर संपत नाही. निविदा भरताना आयात कोळसा स्वस्त राहील असे गृहीत धरले होते. २०१० मध्ये इंडोनेशियाने निर्यातीच्या कोळशाला आंतरराष्ट्रीय दराशी जोडले आणि हिशेब कोलमडला. कंपन्या केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे गेल्या आणि आयोगाने २०१३ मध्ये भरपाईदाखल वाढीव दराचा मार्ग मोकळा केला. ज्या जोखमीची किंमत लावून निविदा जिंकली, ती जोखीम निविदा जिंकल्यावर ग्राहकाकडे सरकली. जे स्पर्धक जास्त दर लावून हरले, त्यांचे काय? ११ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही भरपाई नाकारली आणि परदेशातील कायदा बदलला म्हणून करारातील दर बदलत नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर २०१८ मध्ये गुजरात सरकारने उच्चाधिकार समिती नेमली, तिने करारांत दुरुस्त्या सुचवल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्त्या आयोगापुढे नेण्यास मुभा दिली.

नियंत्रणमुक्तीचे आणखी एक उदाहरण वीज क्षेत्राबाहेरचे आहे. पूर्वी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय पक्षांना देणगी देता येत असे. २०१७ च्या वित्त कायद्याने ही मर्यादा काढली, म्हणजे तोट्यातील कंपनीही देणगी देऊ शकली, आणि त्याच कायद्याने आणलेल्या निवडणूक रोख्यांमुळे देणाऱ्याचे नावही झाकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रोख्यांची योजना आणि ही सूट दोन्ही घटनाबाह्य ठरवली. सहीची किंमत कमी करा, असे तुम्ही म्हणता. या ठिकाणी एक अट काढून टाकली गेली आणि त्यामुळे सही विकत घेण्याची सोय वाढली. म्हणून कोणती अट निघते आहे आणि ती कोणाच्या मागणीवरून निघते आहे, हे प्रत्येक वेळी वेगळे पाहावे लागते.

अर्थविचार

रोख्यांच्या बाबतीत आपले मतभेद नाहीत. देणगीची गोपनीयता ही बाजाराची मागणी असूच शकत नाही, कारण बाजार माहितीवर चालतो.

मुंद्र्याच्या बाबतीत मात्र आहेत. वीस-पंचवीस वर्षांच्या करारात इंधनाची पूर्ण जोखीम निर्मात्यावर टाकली, तर तो एक दिवस केंद्र बंद करतो आणि मग ग्राहकाला २ रुपये २६ पैशांतही वीज मिळत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात हेच घडले. देशात विजेची टंचाई असताना आयात कोळशावरची अनेक केंद्रे बंद किंवा अर्धवट चालू होती, आणि वीज कायद्याच्या अकराव्या कलमाखाली आदेश काढून, कोळशाचा वाढीव खर्च भरून देण्याची सोय करून, सरकारला ती चालवावी लागली. करार जसाच्या तसा राबवण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी त्या मे महिन्यात अंधार पत्करला असता का?

नस्ती

पत्करला नसता आणि पत्करूही नये. परंतु अकराव्या कलमाचा आदेश लिखित असतो, तो जाहीर होतो, त्याला मुदत असते आणि त्याचा आर्थिक परिणाम किती भरून द्यायचा हे आयोग ठरवू शकतो. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये दाभोळचा करार बदलला, तेव्हा यांतले काहीच नव्हते. ती फेरवाटाघाट योग्य होती की नाही, हे तपासण्यासाठी गेलेली कामगार संघटनेची याचिका १९९७ पासून सर्वोच्च न्यायालयात होती. न्यायालयाने २०१९ मध्ये, इतका काळ लोटल्यावर त्यात शिरण्यात अर्थ नाही असे म्हणून ते प्रकरण बंद केले.